ओतीव आणि घडीव
बॉम जेझूच्या समाधीवरील उत्थित शिल्पांविषयी

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत आलेला भाविक मुख्य वेदीपुढे क्षणभर गुडघे टेकतो आणि उजव्या अंगाच्या कपेलाकडे वळतो. तेथे रंगीत संगमरवराच्या उंच चौथऱ्यावर चांदीची पेटी आहे आणि पेटीत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह. भाविक मान वर करतो, क्रूसाची खूण करतो, मनातले मागणे सांगतो आणि मागून येणाऱ्यांना वाट करून देतो. या साऱ्यात त्याची दृष्टी पेटीवर पडते खरी, पण ती पेटीवर थांबत नाही. ती पेटीच्या आत शोध घेत असते. भक्तीच्या दृष्टीने यात काही गैर नाही. परंतु त्या पेटीच्या चारही अंगांवर संतांच्या जीवनातील ३२ प्रसंग चांदीच्या पत्र्यांतून उठवलेले आहेत, आणि खालच्या चौथऱ्यावर काशाचे चार शिल्पपट बसवलेले आहेत, याची आठवण दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या दहा जणांना विचारली, तर किती जण देऊ शकतील? २०२४-२५ च्या दर्शनसोहळ्याच्या निमित्ताने संतांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या पत्र्यांची कलाकृती म्हणून केलेली चिकित्सा मात्र आमच्या वाचनात आली नाही. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या कलेचे स्वरूप पाहू. ज्यात आकृती पार्श्वभूमीपासून पूर्णपणे सुटी होत नाही, तिच्यातूनच थोडीफार वर येते, त्या शिल्पास मराठीत उत्थित शिल्प म्हणतात. चित्र आणि मूर्ती यांच्या सीमेवरचा हा प्रकार. मूर्तीभोवती आपण फिरू शकतो. उत्थित शिल्पासमोर मात्र चित्रासमोर उभे राहावे तसे एका बाजूलाच उभे राहावे लागते. चित्रकार छाया रंगाने दाखवतो. येथे छाया खरी असते, आणि खिडकीतला प्रकाश सरकला की तीही सरकते. म्हणून उत्थित शिल्पाचे परीक्षण करताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की, शिल्पकाराने कशाला उठाव दिला आणि कशाला दिला नाही? आपल्या भाषेने ‘उठाव’ हा शब्द मोठा समर्थ करून ठेवला आहे. पत्र्यावरच्या आकृतीलाही उठाव असतो आणि वाक्यातल्या शब्दालाही उठाव देता येतो. दोन्हीकडे अर्थ एकच आहे: निवड. सगळ्याच शब्दांवर सारखा जोर देणाऱ्या वक्त्याचे भाषण ऐकवत नाही. उत्थित शिल्पाचेही तसेच आहे.

धातूत अशी आकृती उठवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत, आणि त्यांनाही मराठीत दोन नेमके शब्द आहेत: ओतीव आणि घडीव. पवित्र शास्त्राला या दोन्ही परिचित आहेत. निर्गमाच्या पुस्तकात कराराच्या कोशावरचे करूब आणि सातशाखी दीपवृक्ष घडीव सोन्याचे करावेत अशी आज्ञा आहे, आणि हे काम करणाऱ्या बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने व कारागिरीने भरले, असे तेथेच सांगितले आहे. पुढे शलमोनाच्या मंदिरासाठी हिराम या कारागिराने पितळेच्या वस्तू यार्देनेच्या खोऱ्यातील चिकणमातीत ओतल्या, असे पहिल्या राजांच्या पुस्तकात येते. गणनेच्या पुस्तकात तर याहून मार्मिक प्रसंग आहे. कोरहाच्या बंडात मेलेल्यांच्या धूपदाण्या ठोकून त्यांचे पत्रे करावेत आणि त्यांनी वेदी मढवावी, म्हणजे लोकांना त्या घटनेचे स्मरण राहील, अशी तेथे आज्ञा होते. ठोकलेला पत्रा हे स्मरणाचे साधन आहे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

या दोन रीतींतील भेद समजल्याशिवाय झेवियर यांच्या समाधीवरील शिल्पांना न्याय देता येणार नाही. ओतकामात शिल्पकार आधी मातीत किंवा मेणात आकृती घडवतो. ती घडवताना हवे तेथे माती चढवावी, नको तेथे खरवडावी. नाक चुकले तर पुसून पुन्हा करावे. सारे मनासारखे झाले, म्हणजे साचा तयार होतो आणि त्यात वितळलेले कासे ओतले जाते. येथे धातू शेवटी येतो. घडीव कामात धातू पहिल्या क्षणापासून समोर असतो. कारागीर चांदीचा पातळ पत्रा राळेच्या थरावर बसवतो. राळ पत्र्याला आधार देते आणि हातोडीच्या घावाबरोबर दबतेही. मग मागच्या बाजूने बोथट छिन्न्यांनी ठोकत ठोकत आकृतीचा फुगवटा काढायचा. पत्रा उलटायचा आणि पुढच्या बाजूने चेहरा, वस्त्राच्या चुण्या, बोटे यांच्या रेषा बसवायच्या. ठोकली की चांदी ताठरते. ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते, नाहीतर पत्रा चिरतो. तापवणे, ठोकणे, उलटणे हे आवर्तन एकेका पत्र्यामागे अनेकदा होते.

या रीतीत काही जोडता येत नाही आणि काही काढता येत नाही. जेवढी चांदी हाती आली तेवढीच शेवटपर्यंत राहते. ती फक्त जागा बदलते. गालाचा उंचवटा आला, तर तो त्याच पत्र्यातून ताणून आला आणि तेवढा पत्रा तेथे पातळ झाला. एका आकृतीला फार वर उचलले तर ती फाटण्याचे भय असते. म्हणजे घडीव कामात प्रत्येक उठावाची किंमत मोजावी लागते, आणि म्हणूनच येथे संयम हा गुण मुळात धातूकडूनच शिकावा लागतो.

आता समाधीकडे वळू. संत फ्रान्सिस झेवियर यांनी ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यानजीकच्या सान्सियान बेटावर देह ठेवला. १५५४ मध्ये तो देह गोव्यात आला. त्यांना १६२२ मध्ये संतपद मिळाले. त्यानंतर काही वर्षांनी, १६३६-३७ मध्ये, गोव्याच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिरांनी ही पेटी घडवली. तिची योजना मार्सेलो मास्त्रिली या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूंची. संत झेवियर यांच्या मध्यस्थीने आपण मरणातून वाचलो, ही त्यांची श्रद्धा होती. परंतु डिसेंबर १६३७ मध्ये संतांचा देह या पेटीत ठेवला गेला, तेव्हा मास्त्रिली या जगात नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानमधील नागासाकी येथे त्यांना हौतात्म्य लाभले होते.

खालचा चौथरा साठ वर्षांनंतरचा. संतांचे मस्तक ज्या उशीवर विसावले होते ती उशी तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांना भेट मिळाली, आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी फ्लॉरेन्समध्ये ही समाधी करवून घेतली. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या दरबारी शिल्पकाराने ती दहा वर्षे खपून सिद्ध केली. तिचे भाग जहाजातून गोव्यास आले आणि १६९८ मध्ये प्लाचिदो राम्पोनी यांच्या देखरेखीखाली जुळवले गेले. फोज्जिनी स्वतः गोव्यात आले नाहीत. योजणारा एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, हा योग असा या समाधीच्या दोन्ही भागांना आला आहे.

फोज्जिनीचे चार कांस्यपट संतांचा उपदेश, बाप्तिस्मा, शत्रूंपासून सुटका आणि सान्सियानवरील मृत्यू हे विषय मांडतात. त्यांच्यामागे फ्लॉरेन्सची प्रदीर्घ परंपरा उभी आहे. त्याच शहरात १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी स्पर्धा झाली आणि लोरेन्झो गिबेर्ती यांची निवड झाली. त्यांनी १४२५ ते १४५२ या काळात केलेल्या दुसऱ्या दाराच्या दहा सोनेरी पटांत उत्थित शिल्पाला जणू खोली मिळाली: पुढच्या आकृती जवळजवळ सुट्या, मधल्या अर्ध्या आणि मागच्या इमारती व डोंगर केवळ रेषांइतके चपटे. बोटभर जाडीत मैलभराचे अंतर मावले. फोज्जिनी या वारशाचा धनी आहे. त्याचे पट पाहताना डोळा पुढून मागे प्रवास करतो. गर्दी आहे, पण ती गोंधळ करत नाही. मुख्य आकृती कोणती, हे शोधावे लागत नाही. हे कौशल्य अव्वल दर्जाचे आहे, आणि त्याला दाद न देणे हा कोतेपणा होईल.

आता वरच्या चांदीकडे पाहावे. आजाऱ्यांची शुश्रूषा, बाप्तिस्मा, चमत्कार, सान्सियानवरील एकाकी मृत्यू: चौकटीमागून चौकट येत राहते. फ्लॉरेन्सची मोजपट्टी लावली, तर या पत्र्यांत दोष पुष्कळ निघतील. अवकाशाला खोली कमी, आकृती काहीशा ठेंगण्या, चेहऱ्यांत वैविध्य थोडे. अशी मोजपट्टी लावणारे समीक्षक ‘इटालियन योजना व स्थानिक हात’ असे म्हणून मोकळे होतात. त्यात स्तुती आहे की क्षमा, हे कळत नाही. आमचा आक्षेप या मोजपट्टीला आहे. ओतीव शिल्पाचे गुण घडीव शिल्पात शोधायचे आणि ते न सापडल्यास कारागिराला उणे लेखायचे, हे अभंगात महाकाव्याचे सर्ग शोधण्यासारखे आहे.

पातळ पत्र्यात अंतराचा भास करत बसण्यापेक्षा प्रसंग मोजक्या आकृतींत सांगून पुढच्या चौकटीकडे जाणे हेच या माध्यमाला शोभते. काशाचा एकेक पट स्वयंपूर्ण नाट्यप्रवेश आहे. चांदीचे पत्रे सलग वाचायचे आहेत. त्यांची रीत जपमाळेची आहे. एका मण्याला दुसऱ्याहून फार मोठे होऊन चालत नाही. सान्सियानवरील मृत्यू खाली काशात आहे आणि वर चांदीतही आहे. काशात तो कथेचा कळस म्हणून येतो. चांदीत तो ३२ प्रसंगांतील एक आहे. त्याच्या आधी सेवा आहे आणि नंतर गोव्यातले आगमन आहे. कोणते कथन अधिक प्रभावी, असा प्रश्न आम्ही करणार नाही. कोणते कथन ख्रिस्ती मरणाच्या कल्पनेला अधिक जवळचे, असे कोणी विचारले, तर मात्र आम्ही क्षणभर तरी चांदीच्या बाजूने थांबू.

तरीही हे पत्रे भाविकाच्या नजरेत का भरत नाहीत? याचे एक कारण त्यांच्या घडणीत नसून त्यांच्या जागेत आहे. पेटी घडली तेव्हा हा चौथरा नव्हता. घडीव चांदीचा उथळ उठाव जवळून, डोळ्याच्या पातळीवर वाचण्याचा असतो. साठ वर्षांनी तिला उंचावर चढवले गेले. सन्मान वाढला, वाचन संपले. खालून पाहणाऱ्याला आता चांदीची एकूण झळाळी तेवढी दिसते. फोज्जिनीच्या समाधीचे सौंदर्य मान्य करूनही, तिने डोक्यावर घेतलेल्या कलाकृतीला मुकी केले, हे नोंदवले पाहिजे.

दुसरे कारण नावाचे आहे. फोज्जिनीचे नाव आहे, ड्यूकचे नाव आहे, मास्त्रिलींचे आहे, जुळणी करणाऱ्या राम्पोनींचेही आहे. पेटी घडवणाऱ्यांची ओळख मात्र ‘गोव्याचे कारागीर’ एवढ्या दोन शब्दांत संपते. वास्तविक योजनेचा कागद आणि घडलेला पत्रा यांच्यामधला सारा प्रवास त्यांच्या हातांनी केला आहे. संतांच्या हातातील क्रूसाला किती उठाव द्यायचा आणि पायाशी बसलेल्या आजाऱ्याला किती, हे कागदावरच्या रेघेने ठरत नाही, ते छिन्नीच्या टोकाशी ठरते. धर्मशास्त्राचा असा निर्णय करणारे ते हात धर्मशास्त्र शिकलेले नव्हते. १५६७ मध्ये भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतीय परिषदेने पवित्र प्रतिमांची कामे अख्रिस्ती कारागिरांना देऊ नयेत, असा निर्बंध घातला होता. अशा मनाया पुढेही झाल्या. ज्याची मनाई पुन्हा पुन्हा करावी लागते ते थांबलेले नसते, हे इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक आहे. देवळातील प्रभावळ, मखर आणि दाराच्या चौकटींवरील चांदीचे पत्रे ठोकणारी, घराघरांतील देव्हाऱ्यांसाठी कुलदैवतांचे टाक उठवणारी ही विद्या कोकणच्या मातीत आधीच रुजलेली होती. चर्चमधील वेदीची चांदी त्याच विद्येतून आली.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६१६ मध्ये, म्हणजे या पेटीच्या वीस वर्षे आधी, त्यांचे क्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले. त्यांनी शुभवर्तमानाची कथा सांगण्यासाठी परदेशी छंद आणला नाही. इथल्या कानांना परिचित असलेली ओवी घेतली. आमच्या साहित्यचर्चेत त्या घटनेचा गौरव आम्ही सतत करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ओवीत जे घडले तेच थोड्या वेगळ्या रीतीने पत्र्यात घडले, हे आम्ही विसरतो. तेथे परदेशातून आलेला धर्मगुरू इथली भाषा शिकला. येथे इथल्या कारागिराने परदेशी कथा आपल्या हातोडीला शिकवली. पहिल्याला आम्ही साहित्य म्हणतो आणि दुसऱ्याला कारागिरी. हा पंक्तिप्रपंच कशासाठी?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा असता, तर आम्ही तो एवढा ताणला नसता. पण त्याचे परिणाम आजच्या चर्चमध्ये आणि आजच्या घरांत दिसतात. आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामात क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने नव्याने बसवायची होती. धातूचे पत्रे असावेत, यावर सर्वांचे एकमत झाले. हाताने ठोकून देणारा कारागीर मिळत होता. त्याने वेळ मागितला आणि दामही अधिक सांगितले. शेवटी यंत्राच्या ठशात दाबून काढलेले तयार पत्रे आले. ते चकचकीत आहेत, सारख्या मापाचे आहेत, त्यांत उणे काढावे असे वरवर काही नाही. पण त्यांच्यापुढे उभे राहून प्रार्थना करताना डोळा कोठेच थांबत नाही. शिपायाच्या शिरस्त्राणाला जेवढा उठाव, तेवढाच ख्रिस्ताच्या मुखाला. वेरोनिकेच्या रुमालाची चुणी आणि रस्त्यातला धोंडा सारख्याच ठसठशीत. यंत्राला सारे सारखेच असते, कारण त्याला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. जेवणघराच्या भिंतीवर अनेक घरांत दिसणारे शेवटच्या भोजनाचे धातूचे पत्रेही याच जातीचे. काळपट रंग फासून त्यांना जुनेपणाचा आव दिलेला असतो. बारा शिष्य आहेत, टेबल आहे, भाकरी आहे. विश्वासघाताची वार्ता ऐकून हादरलेले माणूस मात्र एकही नाही.

आम्ही यंत्राचे शत्रू नाही. गरिबाच्या घरात चार पैशांत प्रभूची प्रतिमा यावी, यात आनंदच आहे, आणि भक्ती पत्र्याच्या किमतीवर अवलंबून नसते. परंतु जेथे संपूर्ण धर्मग्रामाच्या पैशातून, पुढील पन्नास वर्षांसाठी, सार्वजनिक उपासनेच्या जागी काही बसवायचे असते, तेथे स्वस्त आणि त्वरित या दोनच कसोट्या पुरेशा नाहीत. चौदा स्थाने एकदम नकोत. वर्षाला दोन करावीत. सात वर्षांत ती पुरी होतील, आणि तेवढ्या काळात एका कारागिराचे घर चालेल व कदाचित त्याचा मुलगाही हातोडी धरायला शिकेल.

आणखी एक गोष्ट जुन्या वस्तूंविषयी. आमच्या अनेक चर्चमध्ये चांदीचा पत्रा मढवलेले मिरवणुकीचे क्रूस, दीपदाने, पवित्र साक्रामेंताच्या पेटीची दारे अजून आहेत. सणाच्या आदल्या आठवड्यात उत्साही हात त्यांना पूड लावून घासतात. हवेतील गंधकाने चांदी काळवंडते हे खरे. पण खोबणीतला तो काळेपणा उठावाला स्पष्टता देतो, आणि प्रत्येक घासणीबरोबर चांदीचा अतिसूक्ष्म थर जातो. जो भाग सर्वांत वर तो सर्वांत आधी झिजतो. आणि सर्वांत वर काय असते? चेहरा. काही क्रूसांवर आज संतांची वस्त्रे शाबूत आहेत आणि मुखे सपाट झाली आहेत, ती कोणा शत्रूने केलेली नाहीत. मऊ कापडाने हलक्या हाताने पुसणे बहुधा पुरेसे असते. त्याहून अधिक करायचे असल्यास जाणकाराला विचारावे.

जुन्या गोव्याच्या त्या कपेलात पुढच्या वेळी उभे राहाल, तेव्हा प्रार्थना झाल्यावर थोडे बाजूला सरून एकदा खालच्या काशाकडे पाहा आणि मग वरच्या चांदीकडे. जवळ दुर्बीण असली तर तीही डोळ्याला लावण्यास संकोच करू नका. संतांनी आयुष्यभर परक्यांच्या भाषा शिकण्याचा खटाटोप केला. ज्यांच्या भूमीत ते विसावले, त्या भूमीतील कारागिरांनी त्यांची कथा आपल्या धातूच्या भाषेत सांगून ठेवली आहे. ती वाचणारे आपणच असायला हवे.